ऑफरोड कार्टचे पुढचे शॉकअप: या चुका टाळा

ऊसतोड सुरू झाली, रानं मोकळी व्हायला लागली की कोल्हापूरच्या उद्यमनगरात रानात पळवायची चारचाकी कार्ट बनवणाऱ्या पोरांची ये-जा वाढते. पाइप वाकवून झालेला असतो, इंजिन बसलेलं असतं, आणि पुढचे शॉकअप मात्र जुन्या बाजारात हाताला लागतील ते. चॅसीवर महिनोन् महिने घालवायचे आणि शॉकअप दहा मिनिटांत उरकायचे, याचा मला मनापासून राग येतो. खडबडीत रानात गाडी वळणार की नाही, ते याच दोन नगांवर ठरतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मोनोशॉक. युनिकॉर्न किंवा एफझीचा मागचा शॉकअप जाडजूड दिसतो, म्हणून पोरं दोन आणून पुढं ठोकतात. अरे, बाइकवर तो एकटा दोन माणसांसकट अख्खी मागची बाजू पेलतो. शिवाय तो चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या आर्मवर, पुढच्या बाजूला बसलेला असतो. चाक हलतं जास्त, तो दबतो कमी. त्यामुळं त्याची स्प्रिंग मुळातच कडक. आपल्या हलक्या कार्टला पुढच्या एका चाकावर माणसासकट पन्नास-साठ किलो आले तरी खूप.

वडणग्याचा एक पोरगा असेच मोनोशॉक लावून आला होता. वेल्डिंग देखणं होतं त्याचं. "काका, गाडी वळतच नाही, स्टिअरिंग बदलू का?" म्हणाला. शॉकअप किती दबतो ते कळावं म्हणून मी त्याच्या दांड्यावर एक रबरी रिंग चढवली, खाली सीलला टेकवली आणि त्याला ऊस गेलेल्या रानात सऱ्यांवरनं आडवी गाडी काढायला लावली. पोरगं सीटवर आपटत होतं, पुढची चाकं एका वरंब्यावरनं दुसऱ्यावर उडत होती. चाक हवेत असल्यावर स्टिअरिंग फिरवून काय होणार? परत आल्यावर बघितलं तर रिंग बोटाच्या पेरभरसुद्धा सरकली नव्हती, आणि वरच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगलगत बारीक चीर गेलेली. स्प्रिंगनं खायचा मार चॅसीनं खाल्ला होता. त्याला 100 सीसी बाइकचे मागचे जोडीतले शॉकअप लावले, चिरलेलं ब्रॅकेट नवीन केलं. रिंग निम्म्याच्या पुढं गेली. स्टिअरिंग तेच राहिलं.

शॉकअप कुठं धरताय तेही बघा. चाक धरणारा आर्म चॅसीला ज्या खिळीवर हलतो, तिच्यापासून चाक 40 सेंमीवर आणि शॉकअप 20 वर असेल, तर शॉकअपवर दुप्पट भार येतो आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा चौथा हिस्साच उरतो. त्यात शॉकअप 45 अंशांत तिरका केला तर त्याचाही निम्मा. म्हणून मी वरच्या पट्टीला नेहमी तीन भोकं पाडतो. वजन अंदाजानं धरायचं नाही. एका पुढच्या चाकाखाली बाथरूमचा काटा, बाकी तिन्ही चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या, आणि चालवणारा सीटवर. तो बसल्यावर चाकाच्या वरखाली व्हायच्या एकूण चालीतली पाव ते एकतृतीयांश चाल दबलेली हवी.

दुसरी डोक्यात जाणारी चूक ग्राइंडरची. "स्प्रिंग कडक वाटली म्हणून दोन वेढे कापले," असं पोरं बिनधास्त सांगतात. वेढे कमी केले की स्प्रिंग मऊ होत नाही, कडक होते! दहातले दोन कापले तर पंचवीस टक्के कडक. वर कापलेलं टोक कपावर सपाट बसत नाही, स्प्रिंग कलते आणि दांड्याला घासते. फरक पाडते ती तार. बाकी सगळं तेच ठेवून 7 मिमीच्या जागी 8 मिमीची तार घेतली, तर कडकपणा सत्तर टक्क्यांनी वाढतो. तेव्हा स्प्रिंग निवडताना तारेची जाडी मोजायला खिशात व्हर्निअर ठेवा, ग्राइंडर दुकानातच राहू दे.

शॉकअपवर स्प्रिंगच्या खालची खाचांची रिंग फिरवून स्प्रिंग कडक होते हाही गैरसमज. फक्त गाडी उभी राहायची उंची बदलते.

साधे तेलाचे शॉकअप उलटे किंवा फार आडवे लावू नका. तेलात हवा मिसळते आणि खड्डा गेला तरी गाडी झुलत राहते.

बोल्ट एकाच बाजूनं धरलेला नको. दोन्ही बाजूंनी पट्टी हवी, बोल्ट 8.8 ग्रेडचा.

जुने शॉकअप एकाच जोडीतले घ्या. दोन्ही दाबून सोडा. एक फटकन वर आला आणि दुसरा सावकाश, तर दुकानदारानं कितीही भाव पाडला तरी नको.

आणि लांबी. शॉकअप न लावता चाक जॅकनं वर घ्या, आर्म कुठं अडकायच्या आधी थांबा आणि दोन बोल्टमधलं अंतर टेपनं मोजा. चाक खाली सोडून पुन्हा मोजा. पहिल्या मापाला शॉकअप आतून ठोकला जाता कामा नये, त्याआधी रबर लागलं पाहिजे. दुसऱ्या मापाला तो पूर्ण ताणला जायच्या आधी पट्ट्यानं आर्म धरला पाहिजे, नाहीतर प्रत्येक उडीला हिसका आतल्या सीलला आणि दांड्याच्या नटाला बसतो. ही दोन मापं कागदावर लिहून मगच शॉकअप बघायला निघा.