गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

पावसाळा संपताना विहिरी तुडुंब दिसतात, त्या भरवशावर रब्बीची पेरणी होते आणि मार्च उजाडताच टँकरची मागणी पंचायत समितीकडे जाते, हा क्रम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागातील अनेक गावांच्या अंगवळणी पडला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. पाऊस असा मोजक्या दिवसांत कोसळू लागला की वर्षाची सरासरी गाठली जाते. परंतु जमिनीत मुरण्याआधीच बरेचसे पाणी ओढ्यानाल्यांनी वाहून जाते. त्यामुळे ‘यंदा पाऊस चांगला झाला’ या समजुतीवर विसंबून पीक ठरवणे आता परवडणारे नाही. आपल्या शिवारात प्रत्यक्ष किती पाणी उरले आहे, हे गावानेच मोजले पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी असा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यानुसार पिके ठरवण्याची पद्धत रुजवली. केंद्राच्या अटल भूजल योजनेतही गावाचा पाणी ताळेबंद हा जलसुरक्षा आराखड्याचा पाया मानला आहे. त्यासाठी लागणारे गणित चौथीच्या मुलालाही येते. कठीण आहे ते आलेल्या उत्तराप्रमाणे वागणे.

पहिली तयारी: पावसाची आणि विहिरींची नोंद

पाण्याचे वर्ष 1 जून ते 31 मे असे धरावे. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या मोकळ्या आवारात, झाड आणि भिंतीपासून दूर, साधा पाऊसमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता एकाच व्यक्तीने नोंद घ्यावी. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा मिळत असला तरी त्यावर थांबू नये, कारण एकाच मंडळातील दोन गावांच्या पावसात मोठा फरक पडू शकतो. हिशेबासाठी एक सूत्र लक्षात ठेवले की पुरे: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10 घनमीटर, अर्थात 10,000 लिटर पाणी पडले. हजार घनमीटरला एक टीसीएम म्हणतात आणि पुढील सर्व आकडेमोड याच एककात करणे सोयीचे जाते.

समजा, गावाचे क्षेत्र 800 हेक्टर आहे आणि पाऊस 450 मिलिमीटर झाला. याचा अर्थ गावावर 3,600 टीसीएम पाणी पडले. हा आकडा ग्रामसभेत सांगितला की सगळ्यांना हायसे वाटते आणि नेमकी येथेच चूक होते. यातील मोठा भाग खरिपाच्या पिकांनी, गवताझाडांनी आणि बाष्पीभवनाने घेतलेला असतो, काही गावाबाहेर वाहून गेलेला असतो. रब्बीसाठी वाटायचे पाणी म्हणजे ऑक्टोबरअखेर जमिनीखाली आणि बंधाऱ्यांत शिल्लक राहिलेले पाणी, एवढेच.

ते मोजण्यासाठी पाणलोटाचा माथा, मध्य आणि पायथा या तिन्ही भागांतून निरीक्षण विहिरी निवडाव्यात. एकूण दहा-बारा विहिरी असल्या तर चित्र पुरेसे स्पष्ट होते. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने कायमची खूण करावी आणि तेथूनच पाण्यापर्यंतचे अंतर फितीने मोजावे. मोजणी सकाळी, मोटार सुरू होण्यापूर्वी व्हावी. उपसा चालू असताना घेतलेला आकडा विहिरीची अवस्था सांगतो, भूजलाची नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत घेते. गावानेही तेच महिने धरावेत, म्हणजे तालुक्याच्या नोंदींशी तुलना करता येते.

जमेची बाजू

महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. हा काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात, सांध्यांत आणि भेगांत. म्हणून विहीर चार मीटर भरली याचा अर्थ संपूर्ण शिवाराखाली चार मीटर पाणी उभे आहे, असा होत नाही. मुरमाड बेसाल्टची पाणी सोडण्याची क्षमता साधारण 1 ते 3 टक्के असते आणि भूजल अंदाजात ती बहुधा 2 टक्के धरतात.

आता हिशेब असा होतो. मे महिन्यातील पातळीच्या तुलनेत ऑक्टोबरअखेर विहिरींची पातळी सरासरी 4 मीटरने वर आली आणि विहिरींखालचे क्षेत्र 500 हेक्टर असेल, तर 50 लाख चौरस मीटर गुणिले 4 गुणिले 0.02, म्हणजे 400 टीसीएम भूजल वाढले. त्यातील 10 टक्के ओढ्याला आणि उताराकडे आपोआप निघून जाणाऱ्या पाण्यासाठी वजा करावे. राहिले 360. पाझर तलाव, सिमेंट नाला बांध आणि बंधारे यांत प्रत्यक्ष दिसणारा साठा 60 टीसीएम असेल, तर बाष्पीभवनाचा तिसरा हिस्सा सोडून 40 धरावे. एकूण जमा झाली 400 टीसीएम.

दोन गोष्टी मात्र या बाजूला कटाक्षाने लिहू नयेत. पहिली म्हणजे खोल बोअरवेलचे पाणी. खालच्या भेगांतील तो साठा एका पावसाळ्यात भरून येईल याची खात्री नसते. ते उत्पन्न नव्हे, मुद्दल आहे. दुसरी म्हणजे प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली आणि विहिरीतून किंवा बोअरमधून भरलेली शेततळी. 30 बाय 30 मीटर तोंडाच्या, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराच्या शेततळ्यात सुमारे 2,200 घनमीटर पाणी मावते. परंतु ते विहिरीतूनच उचललेले असल्याने दुसऱ्यांदा जमा धरता येत नाही. उलट सावलीत, जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवल्यामुळे मार्च ते मे दरम्यान दिवसाला 8 ते 10 मिलिमीटर थर उडून जातो. ओढ्याचे वाहते पाणी अडवून भरलेले शेततळे आणि सर्वांच्या भूजलातून भरलेले शेततळे यांत फरक करण्याचे धैर्य ग्रामसभेने दाखवले पाहिजे. अनेक गावांचा ताळेबंद कागदावर जुळतो आणि शिवारात फसतो, तो याच ठिकाणी.

खर्चाची बाजू

खर्च लिहिताना माणसे आणि जनावरे पहिल्या ओळीत असावीत. पुढचा पाऊस वेळेवर येईल असे गृहीत न धरता नऊ महिन्यांची, म्हणजे 270 दिवसांची गरज काढावी. माणशी 55 लिटर, मोठ्या जनावराला 50 लिटर आणि शेळी-मेंढीला 8 लिटर या हिशेबाने 1,500 लोकसंख्या, 600 जनावरे आणि 800 शेळ्यामेंढ्या असलेल्या गावाला सुमारे 32 टीसीएम पाणी लागते. हे पाणी साधारण सात हेक्टर गव्हाला किंवा जेमतेम दीड हेक्टर उसाला वर्षभरात लागणाऱ्या पाण्याएवढे आहे. एवढ्या थोड्या पाण्याअभावी घरातील बायकांना उन्हाळ्यात हंडे घेऊन मैलभर चालावे लागते, ही गोष्ट आकड्यांत मांडली की सभेतील चर्चेचा रोख बदलतो. म्हणूनच ताळेबंद मांडला जात असताना महिलांची उपस्थिती नावापुरती नसावी. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवतीचा उपसा केव्हा थांबवायचा, हे त्यांनी सांगावे.

यानंतर लांबलेल्या पावसासाठी 40 टीसीएम राखून ठेवले, तर पिकांना 328 टीसीएम उरते. पिकांचे क्षेत्र ई-पीक पाहणीच्या नोंदींवरून आणि शेतकऱ्यांना प्रत्यक्ष विचारून घ्यावे. हरभऱ्याला हेक्टरी सुमारे 2,500 घनमीटर, गव्हाला 4,500 आणि रब्बी कांद्याला 6,000 घनमीटर पाणी धरता येते. जमीन आणि सिंचनाची पद्धत यांनुसार सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) हे आकडे तपासून घ्यावेत. समजा, गावाचा विचार 60 हेक्टर हरभरा, 30 हेक्टर गहू आणि 20 हेक्टर कांदा घेण्याचा आहे. अनुक्रमे 150, 135 आणि 120 मिळून 405 टीसीएम मागणी होते. तूट आली 77 टीसीएमची. गहू 30 ऐवजी 12 हेक्टरवर आणला, तर 81 टीसीएम वाचतात आणि मेळ बसतो. सोडलेले क्षेत्र भारी काळ्या जमिनीचे असेल, तर ओलावा टिकून असेपर्यंत तेथे ज्वारी किंवा करडई घेता येते. बाजरीचा किंवा कडधान्याचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीला होणारा लाभ, आणि जनावरांचा चारा यांचाही विचार येथे व्हावा.

ग्रामसभेतील निर्णय

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पावसाची आणि विहिरींची प्राथमिक आकडेवारी वाचून दाखवावी. अंतिम निर्णय मात्र परतीचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेरच्या मोजणीनंतर विशेष सभा घेऊन करावा. ज्वारीची बहुतेक पेरणी तोपर्यंत झालेली असते, परंतु जास्त पाणी मागणारे गहू आणि कांदा अजून हातात असतात. ठराव मोघम नसावा. कोणत्या पिकाचे किती क्षेत्र, कोणाच्या शेतात किती कपात, ठिबक किंवा तुषार संच कोठे, हे नावानिशी लिहावे. कपातीचा भार फक्त लहान शेतकऱ्यांवर पडला, तर ठराव एक हंगामही टिकत नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाला आधी थोडे हमीचे क्षेत्र देऊन उरलेल्यातूनच कपात करावी. हिवरे बाजारने ऊस व केळी आणि शेतीसाठी बोअरवेल यांवर घातलेली बंदी टिकली, ती सगळ्यांना सारखी लागू असल्यामुळे. ताळेबंदाचा फलक ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर जमा-खर्चासह रंगवून घ्यावा.

जानेवारीत आणि मार्चमध्ये त्याच खुणांवरून पुन्हा मोजणी करावी. पातळी अपेक्षेहून वेगाने उतरत असेल, तर उन्हाळी पिकांना परवानगी देऊ नये आणि पिण्याच्या विहिरीच्या परिसरातील मोटारी आधी बंद कराव्यात. मे महिन्यात अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करावी. ठरल्यापेक्षा जास्त पेरणी झालेली नसतानाही विहिरी लवकर कोरड्या पडल्या, तर आपल्या खडकासाठी 2 टक्के हा आकडा जास्त धरला गेला असे समजून पुढच्या ऑक्टोबरात 1.5 टक्के धरावा आणि तो बदल कारणासह नोंदवहीत लिहून ठेवावा.