हर्णैच्या दमट हवेत अमेरिकेची जुनी पुस्तकं

बत्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. बंदराला लागलो की बाकीचे अत्तरं घ्यायचे, मी जुन्या पुस्तकांचं दुकान शोधायचो. आता घर हर्णैला, आणि कपाटात अमेरिकेच्या पश्चिमेकडची एकोणिसाव्या शतकातली प्रवासवर्णनं.

घेताना आधी नकाशा बघा. अमेरिकी लष्करातला शोधक फ्रेमाँट, त्याचा पश्चिमेकडच्या मोहिमांवरचा १८४५चा सरकारी अहवाल हजारोंनी छापला गेला, म्हणून तो अजून मिळतो. पण मागच्या खिशातला मोठा घडीचा नकाशा बरेचदा गायब. माझ्या प्रतीत नाहीच. विकणारा म्हणाला, "नकाशा नव्हताच." मी मान डोलावून पैसे मोजले! तुम्ही आधी ग्रंथसूचीशी, म्हणजे कुठल्या आवृत्तीत काय-काय असतं त्या यादीशी, पानं-चित्रं ताडून घ्या. मग छपाईचं साल. अमेरिकी इतिहासकार पार्कमनचं ऑरेगॉनच्या वाटेवरचं, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या वसाहतवाल्यांच्या गाडीवाटेवरचं पुस्तक पुटनम या प्रकाशकाने न्यूयॉर्कला १८४९ साली काढलं. नंतरच्या आवृत्त्या पुष्कळ. मूळ बांधणी मळकी असली तरी चालेल.

खरी लढाई जूनपासून. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल येते. आत निळी सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे, ठेवा. गुलाबी झाली की ओव्हनमध्ये मंद तापवून पुन्हा वापरा. कसर दिसली तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये. "सुरमईच्या शेजारी?" बायको विचारते. हो, तिथेच. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर थंड पानांवरच पाणी धरतं.