विज्ञानापलीकडच्या प्रश्नांचा विचार कसा करावा

तत्त्वमीमांसेकडे, म्हणजे प्रयोगाने न सुटणाऱ्या मूलभूत प्रश्नांचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेकडे, वळण्यापूर्वी आपला प्रश्न खरोखर तिच्या कक्षेतला आहे का, हे तपासून घ्यावे. त्यासाठी एक कसोटी उपयोगी पडते. जगातली शक्य ती सर्व मोजमापे आणि सर्व प्रयोग पूर्ण झाले आहेत अशी कल्पना करावी आणि त्यानंतरही प्रश्न शिल्लक राहतो का, ते पाहावे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे, हे निरीक्षणांतून कळते. पण काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्झने १७१४ मध्ये विचारलेला प्रश्न निरीक्षणे कितीही वाढवली तरी तसाच उरतो. याउलट कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य, कशाचे बनलेले आहे, हे आज ठाऊक नसले तरी तो विज्ञानाचाच प्रश्न आहे. विज्ञानाला अद्याप न सापडलेले उत्तर म्हणजे आपली आवडती श्रद्धा बसवण्यासाठी मिळालेली रिकामी जागा, असे मानू नये. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने १९२७ मध्ये मांडलेल्या अनिश्चिततेच्या तत्त्वावरून आत्म्याचे अस्तित्व सिद्ध करू पाहणारी पुस्तके खुशाल बाजूला ठेवावीत. कणाचे स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे ठरवता येत नाहीत, याविषयी ते तत्त्व आहे.

त्यानंतर एकच प्रश्न निवडावा आणि तो पुरता पिंजून काढावा. कार्यकारणभावाचा, म्हणजे कारण आणि त्याचा परिणाम (कार्य) यांच्या नात्याचा, प्रश्न आरंभासाठी चांगला, कारण त्याची सामग्री रोज डोळ्यांसमोर असते. एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा पुढे सरकतो. पहिल्याचा वेग, धडकेचा क्षण आणि दुसऱ्याची दिशा या सगळ्यांची नोंद घेता येते. परंतु दुसऱ्याला सरकणे भागच होते, यातला ‘भागच’ कोणत्याही नोंदीत सापडत नाही. अठराव्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने नेमक्या याच जागी बोट ठेवले आणि ही अनिवार्यता म्हणजे वारंवारच्या अनुभवाने मनाला जडलेली सवय होय, असा निष्कर्ष काढला. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये त्याला उत्तर देताना कार्यकारणभाव हा अनुभवातून मिळत नसून अनुभव शक्य होण्याचीच ती पूर्वअट आहे, अशी भूमिका घेतली. भारतीय दर्शनांपैकी सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीपासूनच अव्यक्त रूपाने असते, तर नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते ते नव्याने उत्पन्न होते. या चारही मतांपुढे तोच चेंडू ठेवून प्रत्येक मतानुसार नेमके काय घडले, हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. नुसत्या वाचनाने समजल्यासारखे वाटते. कागदावर उतरवताना अडखळलो की खरे कोडे कुठे आहे ते कळते.

न पटणारे मत लिहिताना जुन्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षाची, म्हणजे खंडनाआधी विरोधकाचे मत प्रामाणिकपणे मांडण्याची, शिस्त पाळावी. विरोधकाने वाचले तर ‘होय, माझे म्हणणे हेच’ असे त्याला म्हणता आले पाहिजे. खंडनाची पाळी त्यानंतर येते.

येथे प्रयोगाने निवाडा होत नाही, म्हणून कोणतेही मत चालते असे मात्र नाही. मत स्वतःशी विसंगत नसावे, विज्ञानाने पक्के केलेल्या गोष्टींच्या विरोधात जाऊ नये आणि, न्यायदर्शनाच्या परिभाषेत सांगायचे तर, त्यात लाघव असावे, म्हणजे गरजेपेक्षा अधिक गोष्टी गृहीत धरलेल्या नसाव्यात. यांतल्या पहिल्या, स्वतःशी विसंगत नसण्याच्या, कसोटीचा बडगा भल्याभल्यांना बसला आहे. पडताळणी करता येत नाही असे विधान, ते तार्किक वा गणिती नसेल तर, निरर्थक असते, असे तार्किक प्रत्यक्षार्थवादी (विसाव्या शतकातील तत्त्वज्ञांचा एक गट) सांगत. पण खुद्द त्यांच्या या विधानाची पडताळणी कशी करायची, याचे समाधानकारक उत्तर त्यांना देता आले नाही.

जीवनाचा अर्थ शोधण्यासाठी या वाटेने येणाऱ्याने ‘अर्थ काय’ असा मोघम प्रश्न न धरता, आपल्या कोणत्या निर्णयामागे कोणते गृहीतक उभे आहे, हे शोधावे. एखाद्याला आपण दोष देतो, तेव्हा त्याला वेगळे वागता आले असते असे धरून चालतो. प्रत्येक कृती आधीच्या कारणांनी ठरलेली असेल, तर त्या दोषारोपाचे काय होते? स्वातंत्र्य आणि नियतत्व एकत्र नांदू शकतात असे मानणारे, दोषाचा आधार कृती माणसाच्या स्वतःच्या विचारातून उपजण्यात आहे असे म्हणतात. त्यांचे विरोधक तो विचारही कारणांनीच घडलेला असल्याचे दाखवून देतात. आपण सध्या कोणत्या बाजूला झुकतो, कोणत्या युक्तिवादामुळे आणि कोणता आक्षेप अजून अनुत्तरित आहे, हे वहीत नोंदवून ठेवावे आणि काही महिन्यांनी त्या आक्षेपापासूनच पुन्हा सुरुवात करावी.