काउबॉय हॅट: निवड, माप आणि निगा

टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये दर वर्षी फेब्रुवारीअखेर ते मार्च रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या खेळांचा मेळा, भरतो. त्याच्या आधीचा शुक्रवार 'गो टेक्सन डे'. त्या दिवशी बँकेतले, शाळेतले, ऑफिसातले लोक बूट आणि हॅट घालून कामावर येतात. आसपासच्या गावांतून निघालेले घोडेस्वारांचे तांडेही त्याच सुमारास शहरात पोहोचतात. त्यातला सर्वांत पहिला तांडा १९५२ साली ब्रेनहॅमहून निघाला होता. इथली आपली मराठी मंडळी त्या आठवड्यात घाईघाईनं हॅट घेतात आणि एप्रिलपासून ती कपाटात जाऊन बसते. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: कपाळाला रुतते. हॅट वाईट नसते, माप चुकलेलं असतं. म्हणून हा लेख.

घोड्यावर बसणार असाल तर आधी हे

काउबॉय हॅट ऊन, पाऊस आणि धूळ अडवते. पडल्यावर डोकं वाचवत नाही. घोडेस्वारी शिकत असाल, मुलांना बसवणार असाल, किंवा माथेरानला दोन तास घोडा घेणार असाल, तर डोक्यावर घोडेस्वारीचं हेल्मेटच हवं. आत एएसटीएम एफ ११६३ किंवा ईएन १३८४ असं मानांकन छापलेलं आहे का ते बघा. सायकलचं हेल्मेट चालत नाही, कारण घोड्यावरून पडण्याचा मार वेगळा असतो. हेल्मेट भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, आडवं बसायला हवं, आणि पट्टा न लावता मान हलवली तरी सरकता कामा नये. एकदा जोरात आपटलं की बाहेरून धड दिसलं तरी बदला.

ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या स्पर्धेत, उंच टॉप हॅटचा मान किती मोठा होता! २०१० मध्ये अमेरिकेची ऑलिंपिकपटू कोर्टनी किंग-डाय हेल्मेटशिवाय सराव करताना पडली आणि कोमात गेली. त्यानंतर वारं फिरलं, आणि २०२१ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं. पेहरावाचा इतका अभिमान असलेल्यांनी हे मान्य केलं, तर आपण सहलीला गेल्यावर कशाला हट्ट धरायचा?

फेल्ट घ्यायची की गवताची

फेल्ट (लोकर किंवा केस दाबून केलेलं जाड कापड) हिवाळ्याची, गवताची उन्हाळ्याची, असा अमेरिकेत रिवाज आहे. जुन्या शिस्तीप्रमाणे मेअखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत गवताची. टेक्सासचं ऊन मात्र मेची वाट बघत नाही, त्यामुळे इथे बरेच जण आधीच बदलतात.

फेल्टमध्ये खरा फरक कच्च्या मालाचा. लोकरीचं फेल्ट स्वस्त असतं, पण जड, आणि भिजलं की आकसतं. सशाच्या केसांचं त्याहून बरं. बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याच्या मऊ आतल्या केसांचं सर्वांत घट्ट, हलकं आणि पाण्याला दाद न देणारं. १८६५ मध्ये जॉन स्टेटसननं फिलाडेल्फियात 'बॉस ऑफ द प्लेन्स' नावाची हॅट काढली, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. तिची कड सपाट आणि माथा उंच, गोल होता, त्यावर एकही खाच नव्हती. आज आपण ओळखतो त्या खाचा नंतर आल्या. मधोमध एक आणि दोन बाजूंना दोन, या खाचेला कॅटलमन म्हणतात.

हॅटच्या आत फेल्टचा दर्जा सांगणारे ४एक्स, १०एक्स असे आकडे असतात. त्यांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही. एकाच कंपनीच्या दोन हॅट तोलायला आकडा कामाचा, दोन कंपन्यांमध्ये तोलायला नाही. फेल्ट बोटांत धरून बघा: घट्ट, लवचीक आणि तलम लागलं की चांगलं.

गवताच्या हॅटमध्ये शांतुंग नावानं जी मिळते ती गवताची नसून पिळलेल्या कागदी धाग्याची असते. टिकते चांगली, फक्त भिजवू नका. पनामा नावाची हॅट इक्वाडोरच्या टोकिया नावाच्या पामसारख्या झाडाच्या धाग्यांची, वजनाला हलकी.

माप

शिंप्याची कापडी टेप घ्या. कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या वर बोटभर, मागे डोक्याच्या फुगीर भागावरून फिरवा. टेप आवळू नका. केस रोज जसे असतात तसेच ठेवून मोजा. अंबाडा घालत असाल तर तो मानेजवळ खाली बांधा, नाहीतर हॅट मागे टेकणारच नाही. तीनदा मोजा आणि मोठं माप धरा.

अमेरिकेतला आकडा इंचांत असतो, आणि तो घेराचा नव्हे, व्यासाचा. ५७ सेंमी म्हणजे ७ १/८, ५८ म्हणजे सव्वासात, ५९ म्हणजे ७ ३/८, ६० म्हणजे साडेसात. एक पायरी साधारण एका सेंटिमीटरची. दोन मापांच्या मधे असाल तर मोठी घ्या. आतल्या चामड्याच्या पट्ट्यामागे फोमची पातळ पट्टी सरकवून सैल हॅट नीट बसवता येते, आवळलेली हॅट सैल करणं कठीण.

आता ज्या गोष्टीकडे सगळे दुर्लक्ष करतात ती. आकडा बरोबर असूनही हॅट टोचते, कारण डोकं गोल नसतं. कपाळाला आणि मागे दाब, पण कानांच्या वर फट दिसते? म्हणजे तुमचं डोकं लांबट आहे, 'लाँग ओव्हल' मागा. उलट कानशिलांना दाब आणि पुढे-मागे फट? मग डोकं गोलसर आहे. अशा वेळी मोठा आकडा घेऊन उपयोग नाही, दाब तिथेच राहतो आणि बाकी हॅट लोंबते.

माझी पहिली हॅट दुकानात अशीच अडली होती. दुकानदारानं आतला पट्टा बाहेर उलटवला, वाफेच्या नळीसमोर कड फिरवली, दोन्ही अंगठ्यांनी पुढची-मागची बाजू हळूच ताणली आणि गरम असतानाच माझ्या डोक्यावर ठेवली. थंड होईपर्यंत हलायचं नाही म्हणाला. ती आजही कुठे टोचत नाही. म्हणून शक्य असेल तर पहिली हॅट ऑनलाइन मागवू नका, वाफ देणाऱ्या दुकानात जा.

बसली का ते बघायची खूण: भुवईच्या वर बोटभर जागा, पट्टा आणि कपाळ यांच्यात एक बोट कसंबसं जावं, मान खाली घालून झटकली तर पडू नये. दहा मिनिटांनी काढल्यावर कपाळावर खोल लाल वळ उठला असेल तर ती हॅट तुमची नाही. आत शिवलेली छोटी फीत नेहमी मागे.

हाताळणी आणि सफाई

हॅट माथ्याच्या चिमटीत धरून काढू नका. गवताची हॅट नेमकी तिथेच तडकते, फेल्ट तिथेच मळते. दोन्ही हातांनी कड धरा. टेबलावर ठेवताना उलटी, माथ्यावर. सरळ ठेवली तर कडेचा बाक मोडतो.

फेल्टला घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश लागतो, फिकट आणि गडद हॅटसाठी वेगवेगळा. वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरवा, कारण लव तिकडे वळलेली असते. तेलकट डागावर कॉर्नफ्लोअर भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका. गवताची हॅट ओलसर फडक्यानं पुसली की झालं.

भिजलीच तर पाणी झटका, आतला पट्टा बाहेर उलटवा आणि पंख्याखाली त्या पट्ट्यावर उभी वाळू द्या. ड्रायर नको, ऊन नको. एका ऑगस्टमध्ये मी फेल्टची हॅट बंद गाडीत काचेजवळ दुपारभर विसरलो. संध्याकाळी घातली तर कपाळावर चढेना, चामडं आकसून पट्टा एका मापानं लहान झाला होता. गाडी म्हणजे भट्टी, हे तेव्हापासून घरच्यांनाही बजावून ठेवलं आहे.

पावसाळ्यात महाराष्ट्रात

मुंबई, कोकण, पुणे इथे फेल्ट जपायचं म्हणजे दोन शत्रू: बुरशी आणि कसर. जूनपूर्वी हॅट ब्रशनं स्वच्छ करा, कारण कसर घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमट हवा कोंडते. पुठ्ठ्याच्या खोक्यात माथ्यावर उलटी ठेवा, आत पातळ कागदाचा बोळा आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. डांबरगोळ्या फेल्टला चिकटू नयेत म्हणून कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून तासभर सावलीत हवा लागू द्या आणि त्याच वेळी आतला चामड्याचा पट्टा उलटवून खालची घडी बघा. कसर सर्वांत आधी तिथेच लपते.