सायफाय कादंबरी लिहिताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

माझ्या कादंबरीच्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये एक बाई चंद्रागौर जागवते. तिच्या गळ्यात चंद्रसूत्र आहे आणि चंद्रवारी तिचा उपास असतो. मी काही नवी संस्कृती वगैरे उभी केलेली नाही हो, झालं एवढंच की पहिला ड्राफ्ट मंगळावर घडत होता, तो मी चंद्रावर हलवला आणि रात्री दीड वाजता फाइंड अँड रिप्लेस मारलं, मंगळच्या जागी चंद्र, रिप्लेस ऑल, आणि शेकडो जागा एका क्लिकमध्ये बदलल्या म्हणून खूश होऊन झोपलो.

तर पहिली चूक हीच, रिप्लेस ऑल. मराठीत ते जास्तच महागात पडतं. 'फक्त पूर्ण शब्द शोधा' असा ऑप्शन असतो पण तो टिक केला की मंगळावर, मंगळाच्या, मंगळाकडून हे सगळे निसटतात, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटून येतात. नायकाचं नाव रामवरून श्याम केलंत तर घरात सगळे आराम करायच्या ऐवजी आश्याम करतात. एकेक जागा बघून बदला, दोन संध्याकाळी जातील, जाऊ देत.

पण खरा प्रॉब्लेम चंद्रागौरीचा नव्हताच. ती दिसते तरी, हसता येतं, दुरुस्त करता येते. न दिसणाऱ्या गोष्टींनी माझं दीड वर्ष खाल्लं.

मी मंगळ सोडला कशामुळे ते सांगतो. माझी नायिका तळावर इंजिनियर आहे आणि तिची आई वाईला. दोघींचं फोनवर भांडण हा कादंबरीचा जीव. पहिल्या ड्राफ्टमध्ये दोघी अशा तडातडा भांडत होत्या की जणू एक पुण्यात आहे आणि एक वाईला. नंतर कधीतरी शांत बसून हिशोब केला. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, मंगळ जवळात जवळ असला तरी साधारण साडेपाच कोटी किलोमीटरवर, म्हणजे एका बाजूने ३ मिनिटं, आणि लांब गेला की २२ मिनिटं. आई म्हणणार "जेवलीस का", आणि उत्तर येईपर्यंत कधी कधी पाऊण तास. त्यात भांडण कसं होणार? त्यात फक्त पत्रव्यवहार होतो. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, जायला १.३ सेकंद आणि यायला तेवढेच. अडीच सेकंदांची ही गॅप भांडणाला एकदम मस्त, कारण प्रत्येक वाक्यानंतर समोरचा मुद्दाम गप्प बसल्यासारखा वाटतो. म्हणून चंद्र.

निर्णय बरोबर होता. चूक पुढची. मला वाटलं जागा बदलली म्हणजे पत्ता बदलला. पण सायफायमध्ये एक आकडा हलवला की त्याच्यामागे वीस गोष्टी हलतात आणि आपण मात्र बसतो वाक्यं घासत. मंगळावरचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, त्यामुळे 'सकाळी उठून' 'संध्याकाळी परत आली' वगैरे चालून जातं. चंद्रावर साधारण चौदा दिवस ऊन आणि चौदा दिवस रात्र! माझ्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये नायिका रोज संध्याकाळी खिडकीत बसून सूर्यास्त बघत होती, रोज, आणि वर तो सूर्यास्त निळसर, कारण मंगळावर मावळत्या सूर्याभोवती निळी झाक दिसते हे मी पहिल्या ड्राफ्टसाठी मोठ्या अभिमानाने शोधून काढलेलं. सातव्या प्रकरणात तर धुळीचं वादळ होतं. चंद्रावर. जिथे हवाच नाही. खरं म्हणजे ते प्रकरण मंगळावरसुद्धा चुकलेलंच होतं, तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, वारा कितीही जोरात वाहिला तरी माणसाला उडवून वगैरे लावत नाही, आणि माझा एक डॉक्टर त्यात उडून मेला होता. त्याला जिवंत करावं लागलं. मग पुढच्या सगळ्या प्रकरणांत हा माणूस करतोय काय हा प्रश्न, कारण त्याला कामच दिलं नव्हतं.

आणि ते पृथ्वी उगवण्याचं. चंद्रावरची गोष्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो मोह होतोच, क्षितिजावरून निळी पृथ्वी वर येतेय आणि नायिकेला घर आठवतंय. अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी २४ डिसेंबर १९६८ ला काढलेला तो फोटो सगळ्यांच्या डोक्यात फिट्ट बसलाय. पण ते चंद्राभोवती फिरत होते म्हणून त्यांना पृथ्वी वर येताना दिसली. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते, त्यामुळे तिथे जमिनीवर उभं राहिलं तर पृथ्वी आकाशात एकाच जागी लटकलेली, थोडीशी डुलते तेवढंच. मला हे कळलं तेव्हा फार राग आला होता, दोन पानं सुंदर उतरली होती. मग तोच सीन उलटा लिहिला, की ती खिडकीवर कापड टाकते कारण पृथ्वी जातच नाही समोरून, आईसारखी. आधीच्या दोन पानांपेक्षा या चार ओळी चांगल्या झाल्यात असं माझं मत आहे.

यावर मी काय करतो तर एक साधी दोनशे पानी वही केलीय. डाव्या पानावर नियम, उदाहरणार्थ 'वजन एक षष्ठांश', आणि उजव्या पानावर तो नियम कुठे कुठे टोचतो ते, प्रकरण नंबर टाकून. जिना, पाणी ओतणं, रडणं, धावणं, खुर्चीवरून उठणं. दुसरं वाचन करताना भाषा अजिबात बघायची नाही, एक नियम घ्यायचा आणि फक्त त्याच्यासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. मग पुढचा नियम. कंटाळवाणं आहे खूप, पण भाषा आणि नियम एकदम तपासायला गेलात तर दोन्ही अर्धवट होणार, मी तीनदा करून बघितलंय.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे वही करण्यातच वर्ष घालवणं. तळाचा नकाशा, पाइपलाइन, कोणाची ड्युटी कधी, सगळं एक्सेलमध्ये, आणि प्रकरणं किती तर शून्य. हे लिहिल्यासारखं वाटतं पण ते लिहिणं नव्हे. पहिलं प्रकरण सतरा वेळा पॉलिश करणाऱ्यांनाही तेच सांगेन, पहिलं प्रकरण शेवटी तसंही उडतं.

आता माहितीचा भडिमार. ओळखायची सोपी खूण सांगतो, संवादात 'तुला तर माहितीच आहे' आलं की समजा गुरुजी वर्गात आलेत. "तुला तर माहितीच आहे की चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या काही विवरांत कधीच ऊन पोचत नाही आणि म्हणून तिथे बर्फ टिकून आहे." माहिती आहे ना, मग सांगतेस कशाला बाई! आपल्याकडे विज्ञानकथा म्हणजे विज्ञान शिकवायची कथा असा समज बऱ्याच जणांच्या अंगात मुरलाय, माझ्याही होता. उपाय एकच जमलाय, ती माहिती कोणाच्या तरी गरजेत अडकवायची. पाणी संपत आलंय, बर्फाच्या विवरात उतरायचंय आणि दिव्याची बॅटरी त्या थंडीत मान टाकतेय. झालं, वाचकाला अंधार पण कळला आणि थंडी पण.

शब्दांचा घोळ तर विचारू नका. पहिल्या ड्राफ्टमध्ये माझी पात्रं 'प्राणवायूची पातळी' म्हणायची आणि 'अंतराळ पोशाख' घालायची. दार जाम झाल्यावर जिवाच्या आकांताने ओरडणारा माणूस प्राणवायू म्हणेल? तो ऑक्सिजनच म्हणणार, तेही अर्धंच. पण सगळंच इंग्रजी करू नका, कृष्णविवर हा शब्द मराठीत इतका छान रुळलाय की तिथे ब्लॅक होल लिहिलं तर उलट खटकतं. माझी टेस्ट एवढीच आहे, वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि ते पात्र पाच मिनिटांपूर्वी डब्याबद्दल ज्या तोंडाने बोलत होतं त्याच तोंडात बसतंय का बघायचं.

आणखी एक, खरं जग आपल्या पुढे निघून जातं. मी सुरुवात केली तेव्हा चांद्रयान २ चं लँडर कोसळलेलं होतं, त्या दुःखावर माझं अख्खं तिसरं प्रकरण उभं होतं. मग २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ उतरलं, सोसायटीत पेढे वाटले, मीही खाल्ले आणि घरी येऊन तिसरं प्रकरण डिलीट केलं. पण त्या मोहिमेने एक गोष्ट फुकटात दिली. तिथल्या जमिनीत खुपसलेल्या तापमापकाने दाखवलं की वर ५० अंशांच्या पुढे तापलेलं असताना फक्त ८ सेंटिमीटर खाली उणे १०. म्हणजे वीतभर खणलं तरी हिवाळा. हे मी स्वतःहून कधीच सुचवू शकलो नसतो. त्यामुळे बातमी आली की घाबरून प्लॉट सोडू नका, आधी ती पूर्ण वाचा.

शेवटचं, वाचायला कोणाला द्यायचं. मी आधी दिलं नातेवाइकांना, 'छान आहे, पण अवघड आहे', बास. मग एका फिजिक्सवाल्या मित्राला दिलं तर त्याने आकडे तपासून दिले आणि पात्रांबद्दल एक शब्द नाही. ओळखीचा माणूस आपल्याला वाचतो, कागदाला नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर कोणी ओळखू नये म्हणून ती बायकोकडून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं, पण बक्षिसाच्या आधी त्यांना काय हवं होतं ते बघा, नाव न कळता वाचणारा माणूस.

मला तो मिळाला मित्राच्या आईच्या रूपात. माझं नाव न सांगता त्याने प्रिंटआउट दिली. काकूंना सायफाय म्हणजे काय ते माहीत नाही. अकराव्या प्रकरणात डॉक्टर (तोच, जिवंत केलेला) तळावर सगळ्यांसाठी पोहे करतो, तेल तापतं, मोहरी तडतडते, वास सुटतो, घरची आठवण वगैरे. काकूंनी तिथे पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं, "इथे वजन कमी ना? मग मोहरी कढईत कशी राहिली?"

फिजिक्सवाल्याला हे दिसलं नव्हतं. त्याच वेगाने उडालेली मोहरी चंद्रावर सहापट उंच जाणार, इथे फूटभर उडते ती तिथे तळातल्या हवेचा अडथळा धरूनही छताच्या दिशेने निघणार, मागोमाग गरम तेलाचे थेंब, आणि खाली यायला निवांत वेळ घेणार. वर छतात हवा खेळवायच्या पंख्याची जाळी आहे, ती मीच चौथ्या प्रकरणात बसवलीय.

आता त्या सीनमध्ये डॉक्टर झाकण शोधतोय, आणि अख्ख्या तळावर झाकण नाही कारण सामानाची यादी नायिकेने केली होती, आणि तिथून बाराव्या प्रकरणातलं भांडण सुरू होतं.