गुलामगिरीचा हिशेब: ब्रिटन आणि अमेरिका कसे ताडून पाहावेत

माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, कोण जास्त वाईट हा वाद नंतर घाला, आधी कागद उघडा. ब्रिटनची वसाहत असलेल्या जमैकाची १८१७ ची गुलाम-नोंदवही घ्या: नाव, वय, जन्म आफ्रिकेतला की वसाहतीतला. शेजारी अमेरिकेच्या १८६० च्या जनगणनेतली गुलामांची यादी ठेवा. मालकाचं नाव आहे. माणसांचं मात्र वय, लिंग, कातडीचा रंग एवढंच. एक पान तरी सावकाश, ओळ न ओळ वाचा.

मग कायदे. ब्रिटनने गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या कायद्याने मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली, गुलामांना छदामही नाही! कंपनी सरकारचा हिंदुस्थान त्यातून वगळला होता. आपल्याकडचा कायदा १८४३ चा. अमेरिकेत १८६५ ला बंदी आली, तीही शिक्षा झालेल्यांचा अपवाद ठेवून.

शेवटी दोघांची साम्राज्यंही ताडून पाहा. त्या रकान्यात अमेरिकेपुढे तिच्या ताब्यातलं फिलिपिन्स लिहाच: १८९८ ते १९४६.