ताइगा मालिका कशी पाहावी: नावांचा गुंता आणि त्यावरचा उपाय

जपानच्या एनएचके वाहिनीवर 1963 पासून ऐतिहासिक मालिका दाखवल्या जातात. त्यांना ताइगा म्हणतात. एक मालिका साधारणतः जानेवारीत सुरू होऊन वर्षभर दर रविवारी रात्री आठ वाजता चालते आणि तिचा प्रत्येक भाग सुमारे पाऊण तासाचा असतो.

पहिली पायरी निवडीची. सोळाव्या शतकातील सेनगोकु काळावरची, म्हणजे सरदारांच्या आपसांतील युद्धांच्या काळावरची मालिका घ्यावी, कारण त्या युद्धांतून जपान एकत्र आणणारे तीन सरदार नोबुनागा, हिदेयोशी आणि इएयासु अनेक ताइगांत पुन्हा भेटतात आणि एकदा केलेले कष्ट पुढेही उपयोगी पडतात. 2016 ची ‘सानादा मारु’ किंवा 2020 ची ‘किरिन गा कुरु’ चालेल. सर्वांत जुन्या मालिकेपासून सुरुवात करण्याचा सल्ला निरर्थक आहे. दरवर्षीची कथा स्वतंत्र असते आणि सुरुवातीच्या मालिकांचे बरेचसे भाग आज शिल्लकच नाहीत.

दुसरी पायरी: अधिकृत उपशीर्षके असलेली प्रत शोधावी.

तिसरी पायरी नावांची. बहुतेक प्रेक्षक मालिका सोडतात ते येथेच, आणि मीही सर्वांत जास्त येथेच अडखळलो. ‘आधी पात्रांची यादी पाठ करा’ असे सांगणाऱ्यांनी बहुधा एकही ताइगा शेवटपर्यंत पाहिलेली नसावी, कारण यादीतील नाव टिकतच नाही. इएयासु लहानपणी ताकेचियो असतो. प्रौढत्वाच्या विधीनंतर त्याला अधिपती इमागावा योशिमोतोच्या नावातील ‘मोतो’ मिळून तो मोतोनोबु आणि पुढे मोतोयासु होतो. 1560 मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत योशिमोतो मारला गेल्यावर काही वर्षांतच तो ते ‘मोतो’ टाकून इएयासु होतो, आणि 1566 मध्ये मात्सुदाइरा हे कुलनाम सोडून तोकुगावा घेतो. ज्याला बाळाजी बाजीराव आणि नानासाहेब पेशवे एकच हे ठाऊक आहे, त्याने या प्रकाराला घाबरू नये.

म्हणून वहीत व्यक्तीऐवजी घराण्याला एक पान द्यावे. वर घराण्याचे चिन्ह काढावे: तोकुगावांची तीन पाने, सानादांची सहा नाणी, आकेचींचे घंटेसारखे फूल. रणांगणावरच्या निशाणांवर हीच चिन्हे असल्याने कोण कोणाच्या बाजूने लढतो आहे, हे संवादाआधीच कळते. त्याखाली प्रत्येक माणसासाठी एक ओळ ठेवून नाव बदलेल तसे नवे नाव पुढे लिहीत जावे, जुने खोडू नये. नाव का बदलले, हेही दोन शब्दांत टिपावे, कारण राजकारण तेथेच असते: इएयासुच्या थोरल्या मुलाच्या नोबुयासु या नावात नोबुनागाचा ‘नोबु’ आणि बापाचा ‘यासु’ एकत्र आले आहेत, म्हणजे दोन घराण्यांची युतीच त्या पोराच्या नावात बसली आहे.

आणखी एक अडचण कानाची. मोठ्या माणसाला नावाने हाक मारणे शिष्टसंमत नसल्यामुळे दरबारात नोबुनागाचा सेनापती आकेची मित्सुहिदे याला त्याच्या पदावरून ‘ह्युगा’ म्हणतात, पण उपशीर्षकात अनेकदा मित्सुहिदे असेच दिसते. असे पदनाम ऐकू आले की तेही त्याच ओळीत लिहावे.

कथा आधी कळेल या भीतीने इतिहास वाचणे टाळू नये. 1582 मध्ये होन्नोजी मंदिरात मित्सुहिदेच्या बंडामुळे नोबुनागाचा शेवट होणार हे जपानमध्ये सर्वांना माहीत असते. मालिका पाहायची ती मित्सुहिदे त्या निर्णयापर्यंत कसा पोहोचतो यासाठी.

चौथी पायरी वेगाची: आठवड्याला दोनपेक्षा जास्त भाग पाहू नयेत आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस दाखवली जाणारी, त्या घटनांच्या स्थळांची छोटी सफर पुढे ढकलू नये.